पाच वाव

माझ्या वह्या सिलाफागाने शाळेच्या जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या. बत्तीस वर्षांच्या बत्तीस वह्या, दर वर्षाची एक. पहिल्या काही झुरळांनी कुरतडल्या होत्या, आणि एकीच्या पाठीवर माझ्या धाकट्या मुलीने लहानपणी काढलेलं डुक्कर होतं. त्या तशा उघड्यावर मांडलेल्या बघून मला अंगातला सदरा कुणी काढून वाळत घातल्यासारखं वाटलं.

सिलाफागा आमच्याच तुवालू देशाची, पण उत्तरेकडच्या बेटावरची. जमिनीचे आकार कसे घडतात आणि कसे बदलतात हे शास्त्र ती फिजीला जाऊन शिकली, आणि महिनाभरासाठी आमच्याकडे आली होती. बेटावर नवा दवाखाना बांधायचा होता. तो पश्चिमेच्या टोकावर बांधावा असं जवळजवळ ठरलं होतं आणि ते माझ्यामुळे ठरलं होतं. बेटाच्या प्रमुखाने सभाघरात मला विचारलं होतं, "मास्तर, टोक वाढतंय का?" मी वह्या बघून गेलो होतो. "वाढतंय," म्हणालो. सभाघरात मी आयुष्यभरात जी पाचसहा वाक्यं बोललो असेन, त्यातलं हे एक. आता खरोखर बांधायला घेण्याआधी सिलाफागाने सगळं तपासून सांगायचं होतं.

वह्यांचं असं झालं. मी तिशीत होतो तेव्हा एका जहाजातून एक संशोधक आले होते. दोन आठवडे त्यांनी रेती चाळली, प्रवाळाचे तुकडे पिशव्यांत भरले, आणि जाताना मला म्हणाले, "दर महिन्याला एकदा मोजत जा. टोकावर एखादी कधीच न हलणारी खूण धर. तिथून हिरवळ जिथे संपते तिथवर एक आकडा, आणि भरतीची ओळ लागते तिथवर दुसरा." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कधीच न हलणारं काय आहे?" तिथे उभे असलेले आम्ही पाचसहा जण एका तोंडाने म्हणालो, "हद्दीचा दगड."

माझी जमीन अगदी टोकावर. तिच्या आतल्या अंगाला शेजारी लोतोआलाची. दोघांच्या मध्ये माझ्या आजोबांच्या वेळचा प्रवाळाचा दगड, कमरेएवढा, मातीत रोवलेला. आमच्याकडे चर्चची घंटा हलते, घरं हलतात, वारा हवा तशी रेती हलवतो. हद्दीच्या दगडाला मात्र कुणी हात लावत नाही. तो धरून मी मोजायला लागलो. बायको सुएइना दगडापाशी दोरीचं टोक धरायची आणि मी वावावावावर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरेल एवढ्या अंतरावर, गाठी मारलेली दोरी ओढत समुद्राकडे जायचो. जहाजातले संशोधक पुन्हा आले नाहीत. थांबव असंही कुणी सांगितलं नाही, म्हणून मी थांबलो नाही.

सिलाफागाच्या संगणकावर आकाशातून घेतलेली बेटाची चार चित्रं होती. एक मोठ्या वादळाच्या आधीचं, तीन नंतरची. वादळ माझ्या नवव्या वहीत आलं.

"मास्तर, हे बघा," ती म्हणाली. "वादळाआधीचं चित्र आणि तुमची वही. चित्रात दगडाजवळच्या चिंचोळ्या वाटेपासून हिरवळ मोजली, तर तुमच्या आकड्याशी तंतोतंत जुळते. मला खरं वाटेना, म्हणून मी तीनदा मोजलं."

"बरं," मी म्हणालो.

"आणि ही नंतरची तीन चित्रं. त्याच जागेपासून मोजलं, तर एकही जुळत नाही. तिन्ही वेळा तुमचा आकडा पाच वावांनी जास्त आहे."

मी वाकून बघितलं. "मी मोजायला चुकलो असेन."

"चुकला असता तर कधी दोन वाव चुकला असता, कधी सात. दर वेळी बरोबर पाच कसे चुकाल?" तिने चित्रातल्या वाटेवर बोट ठेवलं. "दगड तर हलला नसेल?"

"हद्दीचा दगड?"

"विचारलं आपलं."

"तुमच्या बेटावर हलतो का?"

"छे," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "आमच्याकडे एकाने हलवला होता म्हणतात. त्याच्या पणतवंडाला अजून कुणी मुलगी देत नाही."

वादळात तो दगड प्रवाळाच्या राडारोड्याखाली गाडला गेला होता खरा. पण हद्दीचा दगड वाहून जात नाही, आणि माणूस तो हलवत नाही, यावर तिचं आणि माझं एकमत झालं. ती शिकलेली होती, मी पुस्तकं वाचलेला होतो, पण दोघेही याच बेटांवर वाढलेलो.

"मग मला वादळानंतरच्या वह्या बाजूला ठेवाव्या लागतील," ती म्हणाली. तिला हे बोलताना त्रास होत होता, म्हणून ती वहीच्या कोपऱ्याला झालेली घडी सरळ करत राहिली. "चूक कुठे आहे ते कळल्याशिवाय आकडे वापरता येत नाहीत. तेवीस वर्षं आहेत, मास्तर. उद्या सभेत सांगायच्या आधी तुम्हाला काही आठवलं तर बघा."

मी मान हलवली आणि घरी आलो.

सुएइना पुलाकाचे कंद किसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? पोटात दुखतंय का?"

"वह्या चुकल्या."

"वह्या कशा चुकतील? तू चुकला असशील."

"तेच म्हणतोय. वादळानंतरचं सगळं चुकलंय. मी उद्या सभेत सांगणार की टाकून द्या. आणि टोक वाढतंय म्हणालो होतो, तेही खोटं असेल. आजारी माणसं झोपवायची जागा माझ्या भरवशावर ठरवत होते, सुएइना."

"कितीने चुकलंय?"

"पाच वाव. दर वेळी पाच."

तिचा किसणारा हात थांबला. तिने किसणी खाली ठेवली आणि हात पुसले.

"तेलेके," ती म्हणाली, "टोकावरचे आपले चार माड कुणी लावले?"

"माझ्या वडिलांनी."

"तुझे वडील डावखुरे होते. खोडावर चढायच्या खाचा पाडायचे त्या डाव्या बाजूने तिरक्या असायच्या. त्या चार माडांच्या खाचा बघितल्यास कधी?"

मी झाडावर कधी चढलो नाही. मला भोवळ येते. नीरा काढायला नेहमी मुलगे चढायचे, त्यांच्याआधी सुएइनाचा भाऊ.

"तुझ्या वडिलांचे अकरा माड होते आणि अकराच्या अकरा वादळात गेले," ती म्हणाली. "अख्खं बेट तू बोटाबोटाने मोजलंस. स्वतःची झाडं ओळखता येत नाहीत असा माणूस मी दुसरा बघितला नाही."

"मग ते माड कुणाचे?"

"लोतोआलाकडे जा. मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही."

"तुला माहीत होतं? आणि तू दगडापाशी दोरी धरून उभी राहायचीस?"

"मला झाडं माहीत होती. दगडाचं कोडं मला आत्ता तू पाच म्हणालास तेव्हा सुटलं. वादळानंतर चार महिने आपण राजधानीत, फुनाफुटीला होतो. परत आलो तर ते चार माड सोडून झाड नाही, वाट नाही, नुसती खडी. दगड कुठल्या खडीत उभा आहे हे कुणाला कळणार होतं? जा आता. जाताना हे वाडगं घेऊन जा."

आमच्या मोजायच्या दिवशी, म्हणजे अमावास्येला, ती लोतोआलाच्या घरी दर वेळी पुलाकाचं गोड वाडगंभर पाठवायची. मला वाटायचं शेजारधर्म.

लोतोआला ब्याऐंशीचा आहे. तो सावलीत बसून मांडीवर काथ्या वळत होता. मी वाडगं ठेवलं. त्याने बोट घालून चाखलं.

"आज अमावास्या नाही," तो म्हणाला. "म्हणजे काहीतरी मागायला आलास."

"विचारायला आलो. दगड तू हलवलास?"

त्याचे हात थांबले नाहीत. काथ्याचा पीळ त्याच्या मांडीवर तसाच पुढे सरकत राहिला.

"हो," तो म्हणाला. "हातगाडीवर घालून. भर दुपारी."

"कुणी बघितलं नाही?"

"सगळ्यांनी बघितलं. त्या महिन्यात अख्खं बेट दगडच हलवत होतं. मी कुठला हलवतोय हे कोण बघणार?"

"कशाला पण?"

"तुझी जमीन समुद्राने नेली होती. झाड एक राहिलं नव्हतं, पुलाका लावायच्या खड्ड्यात खारं पाणी. तुझा बाप नुकताच गेलेला. पाच पोरं तुझी, आणि तू घरात बसून पुस्तक वाचणारा. मी दगड पाच वाव आत घेतला, चार माड तुझ्या बाजूला आले."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस?" आता त्याने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आजाने माझ्या आजाकडून डुकराचं एक पिल्लू घेतलं आणि दोन परत केली. तुझ्या बापाने जाळं मागून नेलं, तर परत देताना नवीन विणून दिलं. तुमच्या घराला घेता येत नाही रे. उघड दिलेलं तुम्ही परत करता, आणि तेव्हा परत करायला तुमच्याकडे काही नव्हतं."

मी म्हणालो, "माझ्या वह्या चुकल्या त्यामुळे."

"वह्यांचा काय संबंध? तू समुद्र मोजतोस ना?"

"समुद्र दगडापासून मोजतो."

त्याने काथ्या खाली ठेवला. मग तो हसायला लागला. दात नसलेलं, खोल हसू. "बत्तीस वर्षं तू माझ्या दारावरून दोरी ओढत जातोयस. मला वाटायचं, मास्तर समुद्राला वेसण घालतोय. दगडाला विचारून जातोस हे मला काय माहीत."

मी त्याला सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं की त्याने उद्या काही बोलू नये. हद्दीचा दगड हलवणाऱ्याला आमच्याकडे दंड आहे. त्याने एक दिवस सगळ्या बेटाला जेवू घालायचं असतं, आणि ते जेवण कुणी विसरत नाही. शिवाय त्याचा थोरला फेतू तापट. पाच वाव जमीन आणि चार माड बापाने परस्पर देऊन टाकले हे त्याला भर सभेत कळलं असतं. "वह्या जाऊ देत," मी म्हणालो. "त्या गेल्याने कुणी उपाशी राहणार नाही. मी चुकलो असं सांगतो. लोकांना ते लगेच पटेल."

"ते तर पटेलच," लोतोआला म्हणाला. मग वाडगं जवळ ओढून खात राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "दवाखाना टोकावर बांधला तर?"

"वह्या बाजूला ठेवल्या तर सिलाफागाकडे चारच चित्रं उरतात. त्यावरून ती ठामपणे नको म्हणू शकणार नाही. खरे आकडे धरले तर टोक सुरक्षित नाही, एवढं मला आत्ताच दिसतंय. पण ते मी एकट्याने म्हटलं तर गेल्या वेळी वाढतंय म्हणणाराही मीच."

"सभा कधी?"

"सकाळी. जेवणाच्या आधी."

त्याने रिकामं वाडगं माझ्या हातात दिलं. मी निघालो.

सभाघरात ज्याचा त्याचा खांब ठरलेला. वडीलधारी आपापल्या खांबाला पाठ टेकून मांडी घालून बसतात आणि बसूनच बोलतात. माझा खांब मागचा, उतरत्या छपराखालचा. तिथून बोललेलं पुढे ऐकू जात नाही, ही सोय मला कायम आवडत आली. लोतोआलाचा खांब पुढचा, प्रमुखाच्या शेजारचा.

सिलाफागाने फळ्यावर बेट काढलं. आपली रेती म्हणजे खडकावर वाढणाऱ्या बारीक जिवांची कवचं, हे तिने मूठभर रेती सगळ्यांच्या हातांतून फिरवून दाखवलं. ज्या रेतीवर जन्मापासून झोपलो ती लोक भिंगातून बघत होते. "बेट बुडालेलं नाही," ती म्हणाली. "ते सरकलंय. वादळाने बाहेरच्या बाजूला खडी टाकली, ती लाटांनी वर्षानुवर्षं आत ढकलली. समुद्राकडे गेलं तेवढं प्रवाळाच्या वेढ्यातल्या तळ्याकडे भरून आलं. पण पश्चिमेच्या टोकाबद्दल मला नक्की सांगता येत नाही. मास्तरांच्या वह्यांत—"

तिने मागे माझ्याकडे बघितलं. मी गुडघ्यांवर हात ठेवून तोंड उघडलं. तेवढ्यात पुढच्या खांबापासून लोतोआलाचा आवाज आला.

"मास्तरच्या वह्या बरोबर आहेत. दगड चुकीचा आहे. तो मी हलवला."

सभाघरात वारा पडावा तसं झालं.

"वादळानंतर मी तो पाच वाव माझ्या बाजूला घेतला, तेलेकेला जमीन पुरावी म्हणून. त्याला माहीत नव्हतं, कालपर्यंत. दंड काय तो मला ठाऊक आहे. डुकरं बांधून ठेवली आहेत, सुनांना सांगून आलोय."

"काय सांगितलंस त्यांना?" प्रमुखाने विचारलं.

"पाहुणे येणार म्हणालो. किती ते नाही सांगितलं."

कुणीतरी बायकांच्या बाजूला हसलं आणि दाबलं. सगळ्यांच्या माना फेतूकडे वळल्या. तो बाजूच्या रांगेत बसला होता, चाळिशीला टेकलेला, रुंद, गळ्याची शीर फुगलेली. तो बापाकडे बघत होता.

"हलवलास की दिलास?" त्याने विचारलं.

"दिला."

फेतू आपल्या तळहातांकडे बघत बसला. मग मान वर करून म्हणाला, "म्हणजे पोरवयात मी मास्तरच्या माडावरची नीरा चोरून प्यायचो, आणि बापाने मला वेताने झोडपलं, तो माड आमचाच होता?"

"दिला तेव्हा तुझा उरला नव्हता," लोतोआला म्हणाला. "म्हणून झोडपला."

आता हसू कुणी दाबलं नाही. फेतूही हसला, जरा उशिरा. "आहे तिथे राहू दे दगड," तो म्हणाला. "दिलेलं परत फिरवायला आमचं घर काय मास्तरांचं आहे?"

टोमणा मलाच होता.

सिलाफागा केव्हाच फळ्याकडे वळली होती. तिने बेटाचं चित्र अर्धं पुसलं आणि माझ्या वह्यांतले आकडे लिहिले. तिचा खडू मोडला, तिने तुकड्याने लिहिलं. "वहीत सव्वीस. वजा पाच, एकवीस. चित्रात एकवीस." लोक पुढे सरकले. "वहीत तेवीस. वजा पाच, अठरा. चित्रात अठराला चार बोटं कमी." मग तिसरं. तेही जुळलं. ती फळ्याकडे तोंड करून क्षणभर तशीच उभी राहिली, आणि वळून मोठ्यांदा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तेवीस वर्षांत चार बोटं. मास्तर, माझ्या यंत्राची चूक याहून जास्त असते."

मी खाली बघितलं. चटईची एक सुटलेली पात मी आत खोचत राहिलो.

"माझ्या चित्रांत हे टोक चार वेळा थांबलेलं दिसतं," ती लोकांना म्हणाली. "वह्यांत ते चालताना दिसतं. पूर्वेचा वारा असला की रेती टोकाला येते, पश्चिमेचा सुटला की परत जाते. एका वर्षात सात वावांचा फरक. वादळाआधी होतं तिथवर ते अजून आलेलं नाही. हे एवढ्या बारकाईने कुठल्याही बेटाबद्दल लिहिलेलं मी बघितलेलं नाही."

प्रमुखाने मागे बघितलं. "मास्तर, तुम्ही काय म्हणता?"

माझं वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं, पण ते वह्या टाकून देण्याचं होतं. नवीन बनवायला वेळ लागला आणि सगळे थांबले. "मी म्हणालो होतो टोक वाढतंय," मी म्हणालो. "ते चूक होतं. दवाखाना मधल्या उंचवट्यावर बांधा, चर्चच्या मागे. ती रेती माझ्या आजोबांच्या वेळेपासून जागची हललेली नाही."

"ऐकू आलं नाही," पुढून कुणीतरी म्हणालं.

"पुढे ये," लोतोआला म्हणाला, आणि आपल्या खांबाला टेकलेला एका अंगाला सरकला.

दुसऱ्याच्या खांबाला पाठ लावत नाहीत. पण तो सरकून बसला होता आणि जागा रिकामी दिसत होती. मी उठलो, वाकत वाकत लोकांमधून पुढे गेलो आणि बसलो. खांब त्याच्या पाठीने गुळगुळीत झाला होता. तेच वाक्य मी पुन्हा म्हणालो. या वेळी ते मागे बायकांच्या रांगेपर्यंत गेलं असावं, कारण सुएइनाने मान हलवली. प्रमुखाने चारी बाजूंना बघितलं, कुणी हरकत घेतली नाही, आणि दवाखान्याची जागा ठरली.

मला वाटलं संपलं. पण प्रमुख म्हणाला, "वह्यांत आहे तरी काय, ते आम्हालाही ऐकू द्या."

"नुसते आकडे आहेत," मी म्हणालो.

"मग आकडे वाचा."

सिलाफागाने पहिली वही माझ्या हातात दिली. मी वाचायला लागलो. महिना, हिरवळ, भरतीची ओळ. लोक कंटाळतील म्हणून मी घाईघाईने वाचत होतो. पहिल्या वर्षाच्या सहाव्या महिन्याला उजवीकडून एका बाईचा आवाज आला, "त्या महिन्यात माझा थोरला झाला." मी थांबलो. "वाचा, वाचा," ती म्हणाली. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, "तेव्हा टोकाला मुलेट मासळीचा थवा लागला होता, आठवतं का?" सगळ्यांना आठवलं. मी आकडा वाचायचो आणि त्या आकड्याला कुणाचं तरी लग्न, कुणाची होडी, कुणाचं मरण येऊन जोडलं जायचं. चौथ्या वहीत फेतूची पहिली होडी निघाली. नवव्या वहीत आल्यावर मी आवाज खाली आणला. वादळाच्या चार महिन्यांची जागा कोरी होती.

पान उलटलं. परत आल्यानंतरचा पहिला आकडा. एकवीस. मी खिशातून पेन काढलं, आकडा न खोडता त्याच्यासमोर लहान अक्षरांत लिहिलं, दगड लोतोआलाने दिला, पाच वाव वजा, आणि मग सोळा असं वाचलं.

बाहेर अन्न निवत होतं. कुणी उठलं नाही. तेवीस वह्या अजून बाकी होत्या, आणि माझा घसा बसत चालला होता. शेजारी लोतोआलाने डोळे मिटले होते. तो झोपला असं वाटून मी थांबलो.

"पुढचा," तो म्हणाला.